हिरुतचा घास

आमच्या घरात कुणालाही नावं ठेवायची नाहीत असा नियम होता, आणि तो बाबांनी केलेला होता. जेवताना कुणी सरदारजींवरचा विनोद सुरू केला की बाबा ताटावरून मान वर न करता म्हणत, "पुरे." गाझियाबादच्या आमच्या कॉलनीत विंध्याच्या खाली राहणारे सगळेच मद्रासी, त्यामुळे शाळेत मुली मलाही मद्रासी म्हणायच्या. मी चिडून घरी आले की बाबा समजावत, "अज्ञान आहे बेटा, राग नाही धरायचा. ज्याला ठाऊक नाही त्याला शांतपणे सांगायचं." मी शांतपणे सांगायची. दुसऱ्या दिवशी मुली विचारायच्या, "अच्छा, तो तुम लोग इडली नहीं खाते?" आणि सुट्टीत पुण्याला गेलं की मावसबहिणी माझ्या मराठीला हसायच्या. 'मी जेवून राहिलेय' म्हटलं की त्यांना उचक्या लागेपर्यंत हसू यायचं. इथे मी मद्रासी, तिथे दिल्लीवाली. ह्या सगळ्यात बाबांचा तो नियम मला फार मोठा आधार वाटायचा. अख्ख्या यमुनापारमध्ये माझ्या बाबांइतका मोकळ्या मनाचा माणूस नाही असं मी मानत होते, आणि हिरुत आमच्या वरच्या खोलीत राहायला येईपर्यंत मला त्यात शंका घ्यायचं काही कारण पडलं नव्हतं.

घर आमचं अरुंद आणि उंच, दोन मजली. खाली बैठकीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि त्यातच एका कोनाड्यात देव. जिना चढून गेलं की बाबांनी हौसेनं बांधलेली एक खोली आणि गच्ची. दिवसभर कुठल्यातरी कारखान्याची घरघर ऐकू यायची, आणि वीज गेली की शेजाऱ्यांचा जनरेटर त्या घरघरीत आपली भर घालायचा. आईनं ह्या सगळ्या आवाजांत आपलं सातारा जपून ठेवलं होतं. मेतकूट, काळा मसाला, कुळथाचं पीठ असं सगळं ट्रंकेतून, झेलम एक्स्प्रेसनं यायचं. आई हिंदी बोलायची ती मराठीतच बोलायची, फक्त शेवट बदलायची. भाजीवाल्याला ती म्हणायची, "ये वांगा किडका दिसता है," आणि भाजीवाला समजायचा.

वरच्या खोलीसाठी भाडेकरू शोधायचं चाललं होतं तेव्हा बाबांच्या ऑफिसमधून कुणीतरी सांगितलं की इथिओपियातून एक बाई सरकारी शिष्यवृत्तीवर दीड वर्षाच्या प्रशिक्षणाला आली आहे, आणि तिला कुणी खोली देत नाही. बाबांना तेवढंच पुरलं. "कुणी देत नाही म्हणजे काय? आपण देऊ." आईनं विचारलं, "खाणंपिणं?" बाबा म्हणाले, "अगं, माणसं आहेत ती." हे वाक्य त्या वेळी मला भारी वाटलं होतं. आज लिहिताना वाटतं, जे वाक्य उच्चारून सांगावं लागतं त्यात काहीतरी कमी असणार.

हिरुत आली ती दोन सुटकेसेस आणि कापडात गुंडाळलेलं, लांब मानेचं मातीचं एक काळं भांडं घेऊन. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. उंच, सावळी, कपाळापासून मागे घट्ट वळलेल्या बारीक वेण्या, आणि बोलताना समोरच्याकडे सरळ बघायची सवय. बाबांनी तिला बैठकीत जेवायला बसवलं आणि तिच्या देशाची माहिती सांगायला सुरुवात केली. आदल्या रविवारी ते वाचनालयात जाऊन आले होते. राजा, क्रांती, डोंगर, नद्या, सगळं त्यांनी तिला सांगितलं. ती ऐकत होती. मग आवाज खाली आणून बाबा इंग्रजीत म्हणाले, "तुमच्याकडच्या दुष्काळाचे फोटो आम्ही पाहिले आहेत. इथे संकोच करायचा नाही. पोटभर जेवायचं." आणि आईला म्हणाले, "अगं, तिला अजून एक पोळी वाढ."

हिरुत म्हणाली, "सर, मी आदिस अबाबाची आहे. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. मी आयुष्यात कधी उपाशी राहिलेली नाही. फक्त उपास असतात तेव्हा."

बाबांनी मान हलवली. डोळ्यांत केवढं कौतुक! ती स्वयंपाकघरात हात धुवायला गेली तेव्हा ते मला म्हणाले, "बघ, किती स्वाभिमान आहे. दुःख दाखवत नाही."

मी त्या वेळी अकरावीत होते. ती जे बोलली ते मी ऐकलं होतं, बाबांनीही ऐकलं होतं. मग ते त्यांच्यापर्यंत पोचलं का नाही? पुढे वर्षभर मला हेच कोडं छळत राहिलं. बाबा तिला हिरुत म्हणतच नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "हिरुत म्हणजे आपली ऋता. ऋताच म्हणू या, तिलाही घरच्यासारखं वाटेल." तिनं दोन वेळा सांगून पाहिलं. बाबा हसून म्हणाले, "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम," आणि ऋता म्हणत राहिले.

आई अगदी उलट. तिनं तिसऱ्याच दिवशी हिरुतची वेणी हातात धरून विचारलं, "ये किसने बांध्या? दुखता नहीं? धोती कैसे?" मला जमीन दुभंगावी असं वाटलं. "आई! असं विचारतात का कुणाला?" पण हिरुत खाली बसली, आईच्या हातात वेणीचं टोक दिलं आणि कशी घालायची ते दाखवायला लागली. म्हणून आई मोकळ्या मनाची होती असं म्हणावं तर तसंही नाही. हिरुतसाठी आईनं स्टीलचा वेगळा पेला आणि वेगळी ताटली काढून ठेवली होती, कोपऱ्यात, पालथी. मी भांडले तर म्हणाली, "तिचं तिचं असू दे. तू जास्त शहाणपणा करू नकोस." प्रश्न विचारायला लाज नाही आणि पेला मात्र वेगळा. बाबांना पेला वेगळा नको, प्रश्न मात्र एकही नाही. मला दोघांचाही संताप यायचा, आणि दोघांच्याही विरुद्ध बाजू घेता घेता मी दमून जायची.

बुधवारी आणि शुक्रवारी हिरुत दूध, तूप, दही, काही घ्यायची नाही. आईच्या हे लगेच लक्षात आलं. "उपास क्या? कौन से देव का?" उपासाच्या गोष्टीवर त्या दोघींचं जे जुळलं ते बघण्यासारखं होतं. आईचा सोमवार, चतुर्थी, एकादशी. तिचे बुधवार, शुक्रवार आणि इस्टरच्या आधी जवळजवळ दोन महिन्यांचा मोठा उपास. आई साबुदाणा भिजवताना तिला विचारायची, "इसमें तेरे को क्या चलता?" हिरुत म्हणायची, "आलू चलता. दही नहीं चलता." एकदा तिनं आईला सांगितलं की आज ती वर 'शिरो' करणार आहे. आईला वाटलं शिरा. वाटीभर रवा घेऊन ती वर गेली आणि थोड्या वेळानं हसत खाली आली. "अगं सुनीती, पिठलं आहे ते! चक्क पिठलं. हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण आणि लाल मसाला. आणि त्याच्याबरोबर आंबोळी, परातीएवढी!" तिच्या देशातलं धान्य इथे मिळत नव्हतं, म्हणून हिरुतनं गढवाली दुकानदाराकडून मंडुआ, म्हणजे आपली नाचणी, आणून त्यात तांदळाचं पीठ घालून ते आंबवलं होतं. त्या दिवशी आई मला म्हणाली, "त्यांच्यात आडनाव नसतं. आपलं नाव, मग बापाचं नाव. ती हिरुत तेस्फाये. तू सुनीती वसंत, तसंच की." मी हे बाबांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. "हो हो, आफ्रिकेत तसं असतं," ते म्हणाले.

रविवारी सकाळी हिरुत त्या लांब मानेच्या काळ्या भांड्यात कॉफी करायची. हिरव्या बिया कढईत भाजायची. धूर जिन्यावरून खाली उतरायचा आणि सगळं घर त्या करपट-गोड वासानं भरून जायचं. मग ती कढई हातात घेऊन दारात यायची आणि तो धूर हातानं आमच्या तोंडाकडे सारायची. वास घेतल्याशिवाय कॉफी घ्यायची नाही अशी त्यांची पद्धत. आई खोकायची, पण वर जायची. तीनदा कॉफी व्हायची, त्याच पुडीची, दर वेळी पातळ. बाबा पहिला कप घेऊन खाली यायचे, "छान, छान, वेरी इंटरेस्टिंग." दुसऱ्या आणि तिसऱ्या कपाच्या वेळी ती माणसं बोलतात, खरं बोलणं तिथे होतं, हे मला वर बसून कळलं.

त्या बोलण्यात हिरुतचंही अज्ञान बाहेर पडायचं, आणि तेही काही थोडं नव्हतं. शाळेत तिला गणित शिकवायला भारतीय मास्तर होते. त्यामुळे भारतातला माणूस म्हणजे कडक, चष्मा लावणारा आणि बीजगणितात पक्का, अशी तिची समजूत होती. चाचणीतले माझे गणिताचे मार्क बघून ती खरोखर हबकली. हे ठीक, ह्यावर आम्ही हसलो. पण एकदा ती मला म्हणाली, "तू एवढी हुशार मुलगी. तुझी आई मूर्तीला आंघोळ घालते, जेवायला देते, तू तिला सांगत का नाहीस?" बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तिला माझी मनापासून काळजी वाटत होती. दुष्काळाचं बोलताना बाबांच्या चेहऱ्यावर जी करुणा होती, अगदी तीच. मी म्हणाले, "तुम्हीही चित्राची पापी घेताच की. तुझ्या उशाशी आहे ना मेरीचं चित्र?" ती म्हणाली, "ते वेगळं." मी म्हणाले, "कसं वेगळं?" ती म्हणाली, "ते तुला कळणार नाही." त्या दिवशी तिसरा कप झालाच नाही.

मार्गशीर्षात आमच्याकडे सत्यनारायण झाला. आईनं सवाईच्या मापानं प्रसादाचा शिरा केला, केळं घालून, तुपानं थबथबलेला, आणि पहिली वाटी वर हिरुतसाठी पाठवली. मी घेऊन गेले. हिरुतनं वाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "देवापुढे ठेवलेला आहे?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मग मला खाता येणार नाही. आमच्या धर्मात चालत नाही. आईला सांग, माफी मागते. साधा केला तर मी दोन वाट्या खाईन." मी ती वाटी घेऊन खाली आले तेव्हा आईचा चेहरा पांढरा पडला. नुकतीच कथा वाचून झाली होती. प्रसाद न घेता निघून गेलेल्या माणसांचं पुढे काय होतं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. आईला अपमान झाला असं नाही वाटलं, तिला हिरुतचीच भीती वाटली. "पोरीला काही व्हायला नको गं," ती पुटपुटली आणि देवापुढे जाऊन उभी राहिली. बाबा सगळ्या मंडळींसमोर मोठ्यानं म्हणाले, "श्रद्धा ज्याची त्याची. नो प्रॉब्लेम." मंडळींनी माना डोलावल्या. का खात नाही, हे मात्र कुणीच विचारलं नाही, आणि मी सांगायला लागले तर बाबांनी हात वर केला. "पुरे."

हल्ली मी जिथे राहते त्या सोसायटीच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी हा विषय निघतो. कुणीतरी परदेशी विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्यानं दिलेला असतो. लोक लिहितात, "आमचा कुणालाच विरोध नाही, पण..." त्या 'पण'च्या पुढचं मला पाठ झालेलं आहे. वास, आवाज, संस्कृती. मी उत्तरं लिहिते, लांबलचक लिहिते, आणि मग कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकून विषय संपवतो. माझी मुलगी म्हणते, आई, तू का डोकं फिरवून घेतेस? तिला कसं सांगू की विरोध करणाऱ्यांशी भांडायला मला काहीच वाटत नाही. ज्यांचा विरोधच नसतो त्यांच्यापुढे माझी वाचा बसते.

हिरुतचा मोठा उपास सुटला तो उन्हाळा नुकता लागलेला असताना. कूलरमध्ये वाळ्याचं गवत भरून झालं होतं. त्यांचा तो सगळ्यात मोठा सण. आधीचे कितीतरी दिवस ती तयारी करत होती, आणि आम्हाला घरच्या सगळ्यांना तिनं जेवायला बोलावलं. आमच्या घरात मांसमच्छी होत नाही हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं आमच्यासाठी बाजारातून कोरी पातेली आणली, मला हाताला धरून वर नेऊन ती दाखवली. "ह्यात कोंबडी कधी शिजलेली नाही. आईला सांग." आईला सांगितलं. मग तिनं कोपऱ्यातला तो पालथा पेला उचलला आणि आमच्या पेल्यांच्या रांगेत ठेवून दिला.

नेमके त्याच दुपारी टिपणीसकाका आणि काकू आले. काका बाबांच्याच खात्यातले, दर महिन्या-दोन महिन्यांनी सरोजिनी नगरहून बसनं यायचे. हिरुतनं त्यांनाही आग्रहानं वर बोलावलं; पाहुणा आला म्हणजे सण चांगला झाला म्हणे. खोलीत तिनं जमिनीवर ताजं हिरवं गवत पसरलं होतं. पांढरी, लाल-हिरव्या काठाची साडीसारखी ओढणी तिनं अंगावर घेतली होती. मधे एक मोठी परात, तिच्यावर पसरलेली ती आंबोळी आणि तिच्यावर शिरो, मसुराची आमटी, कोबी-बटाटा, पालेभाजी, असे रंगीत ढीग. तिची कोंबडी एका वेगळ्या भांड्यात, लांब, खिडकीपाशी. आम्ही परातीभोवती बसलो. एकाच परातीतून सगळ्यांनी खायचं म्हटल्यावर टिपणीसकाकूंनी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबा मात्र खुशीत होते. "बघा टिपणीस, हे सामुदायिक जेवण. आदिम समाजांत ही पद्धत सगळीकडे होती. किती सुंदर कल्पना आहे!" ते मराठीत बोलत होते. हिरुत त्यांच्या तोंडाकडे बघून हसत होती, कारण बाबा हसत होते.

मग तिनं आंबोळीचा एक मोठा तुकडा तोडला, त्यात शिरो आणि आमटी घेतली, बोटांनी नीट गुंडाळून घास केला आणि गुडघ्यांवर बसून बाबांच्या तोंडाजवळ नेला. "बाबा," ती म्हणाली. इतके महिने ती त्यांना सर म्हणत होती. "प्लीज."

बाबांनी मान मागे घेतली. "नो, नो. मी घेतो माझा." त्यांनी हात पुढे केला.

"नाही, माझ्या हातून. मोठ्यांना आधी. आमच्याकडे हा मान असतो."

"अहो घ्या की," टिपणीसकाका मोठ्यानं हसत म्हणाले, "लग्नानंतर पुन्हा कधी योग येणार! वहिनी, बघताय ना?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. बाबांचे कान लाल झाले. त्यांनी हिरुतचा हात मनगटापाशी धरून बाजूला केला, अगदी हळू, पण बाजूला केला. "प्लीज, ऋता. हे आमच्याकडे चालत नाही. हायजिनचाही प्रश्न असतो." घासातून लाल रस्सा तिच्या मनगटावर ओघळला आणि त्या पांढऱ्या ओढणीवर पडला. ती तशीच होती, गुडघ्यांवर, हात अर्धा वर.

"मला दे," मी म्हणाले. मी खरोखरच तोंड उघडलं होतं.

हिरुतनं माझ्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "हा तुझा नव्हता." आणि तो घास तिनं आपल्यासमोर परातीत ठेवला.

एवढ्यावर बाबांनी गप्प राहावं की नाही? पण त्यांना शांतता सहन झाली नाही. त्यांनी इंग्रजीत एक छोटंसं भाषण केलं. प्रत्येक संस्कृतीच्या आपापल्या चालीरीती असतात, प्रत्येक समाज विकासाच्या आपापल्या पायरीवर असतो, आमच्याही देशात आदिवासींमध्ये फार सुंदर प्रथा आहेत, सगळ्यांचा आदर केला पाहिजे.

हिरुत म्हणाली, "सर, तुम्ही मला विचारलं नाहीत, हे काय आहे म्हणून."

"तुम्ही आमचा प्रसाद घेतला नाहीत," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी एक शब्द तरी बोललो का?"

"मी का घेतला नाही ते मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नो प्रॉब्लेम. तुम्ही नेहमी नो प्रॉब्लेमच म्हणता. माझं नाव हिरुत आहे. मी सांगितलं, तुम्ही म्हणालात, नो प्रॉब्लेम."

आम्ही खाल्लं, कारण उठता येत नव्हतं. कॉफीचा पहिला कप झाला आणि टिपणीसकाकांनी बसची वेळ झाल्याचं सांगितलं. बाबा त्यांना सोडायला म्हणून त्यांच्याबरोबरच उठले.

संध्याकाळी खाली जे भांडण झालं ते मी आणि बाबांनी केलेलं पहिलं भांडण. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण "तुम्ही तिला एकदाही काही विचारलं नाहीत" हे मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी तिला खोली दिली. कुणी देत नव्हतं, मी दिली." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यामुळेच ते भांडण कुठे पोचत नव्हतं. आई भाकरी थापत होती. मला वाटलं ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, "परक्या तरण्या बाईच्या हातून घास? चार लोकांत? टिपणीस काय बोलले ऐकलंस ना? उद्या ऑफिसभर करतील." मी म्हणाले, "मग टिपणीसकाकांना 'पुरे' का नाही म्हणाले बाबा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वतः वर गेली. बऱ्याच वेळानं खाली आली आणि बाबा दाढी करत होते तिथे जाऊन उभी राहिली. "अहो, मी विचारलं तिला. त्यांच्यात बापाला भरवतात, सासऱ्याला भरवतात, शेजाऱ्यालासुद्धा भरवतात. नवराबायकोचं काही नाही त्यात. आणि घास जितका मोठा तितका मान मोठा." बाबा आरशात बघत म्हणाले, "मला माहीत आहे ते." आई म्हणाली, "मलाही सांगता आलं नाही तिला, की आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो. हिंदीत शब्दच सापडेनात." आणि ती कणिक मळायला निघून गेली. मीच का नाही वर जाऊन सांगितलं, असं कुणी विचारेल. गेले होते. हिरुत म्हणाली, "हे तुझ्या बाबांनी सांगायला हवं."

महिना संपताच हिरुत गेली. दक्षिण दिल्लीत तिच्या देशातल्या दोघी-तिघी मिळून राहत होत्या, तिथे जागा झाली म्हणाली. ती आईच्या गळ्यात पडली, आईनं तिच्या हातात काळ्या मसाल्याची पुडी ठेवली. बाबांनी स्वतः तिच्या सुटकेसेस जिन्यावरून उतरवल्या, टॅक्सीवाल्याला पत्ता नीट समजावून दिला, पोचल्यावर शेजारच्यांच्या फोनवर कळवायला सांगितलं. टॅक्सी वळणाआड गेल्यावर फाटक लावताना म्हणाले, "चांगली मुलगी होती. आपण तिला कधी परकं वाटू दिलं नाही." ते नाटक करत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. आजही वाटतं. नव्वदीला आलेत, कान गेले आहेत, पण घरी नवा माणूस आला की आफ्रिकेतल्या ऋताची गोष्ट सांगतात. आमच्याकडे अगदी घरच्यासारखी राहायची म्हणून. मी आत निघून जाते. पूर्वी दुरुस्त करायची, आता नाही करत.

त्यानंतर मी एकदाच तिला भेटले. सहामाही परीक्षा संपली तशी मी आईला सांगून, दोन बस बदलून तिच्या नव्या खोलीवर गेले. तिथे तिच्या सात-आठ मैत्रिणी जमल्या होत्या. कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आली होती आणि सगळ्या ती बघत होत्या. हसत होत्या, डोळे पुसत होत्या, मधेच टाळ्या वाजवून ओरडत होत्या. मला त्यांनी चांगल्या जागी बसवलं, हातात बशी दिली, आणि पुन्हा आपल्या भाषेत बोलायला लागल्या. मी हसत होते, कारण त्या हसत होत्या. एकदा मी हिरुतला विचारलं, "काय झालं? काय म्हणाली ती?" ती डोळे पुसत म्हणाली, "काही नाही गं. सांगायला अवघड आहे." दुपारभर मी तिथे बसून होते. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. उलट प्रत्येकीनं दोनदा-तीनदा विचारलं, ठीक आहेस ना, आणखी काही हवं का. आणि माझ्या मनात आलं, आमच्या जेवणाच्या टेबलापाशी हिरुत अशीच बसायची, वर्षभर, ठीक असायची. निघताना तिनं आईची चौकशी केली, माझ्या गणिताची केली. जिन्यापर्यंत येऊन तिनं त्यांच्या पद्धतीनं खांद्याला खांदा लावून निरोप घेतला. त्या वर्षअखेरीस ती तिच्या देशात परत गेली. नंतर नवीन वर्षाचं एक कार्ड आलं, मी उत्तर पाठवलं, पुढे काही आलं नाही.

त्या दिवशी गाझियाबादच्या बसस्टँडवर उतरले तर बाबा स्कूटर घेऊन उभे होते. आईनं सांगितलं असणार. ऊन उतरलं होतं, तरी त्यांच्या शर्टाची पाठ भिजलेली होती. बराच वेळ उभे असावेत. माझ्या हातातली पिशवी घेऊन त्यांनी हुकाला अडकवली.

"कशी आहे?"

"बरी आहे."

"जागा चांगली आहे?"

"चांगली आहे."

त्यांनी रुमालानं स्कूटरची सीट पुसली. मग सीटकडेच बघत म्हणाले, "माझ्याबद्दल काही विचारलं का तिनं?"

"नाही," मी म्हणाले. आणि मग मला राहवलं नाही. "बाबा, तिनं कशाला विचारायचं? तुम्ही विचारा ना. मी पत्ता आणलाय. दोन बस आहेत फक्त. पुढच्या रविवारी आपण दोघं जाऊ. तुम्ही नुसतं विचारा तिला, की बाई, तुझ्या मनात काय होतं. मग आपल्याकडे तसं का चालत नाही ते तुमचं तुम्ही सांगा. तिला कळेल. मला खात्री आहे, कळेल तिला."

बाबा ऐकत होते. त्या दिवशी मी बोलले ते त्यांच्यापर्यंत पोचलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणून तर आजही राग येतो. त्यांनी पत्त्याचा कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि स्कूटरला किक मारली.

"बघू," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी मी आंघोळ करून, कपडे करून बैठकीत बसले होते. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. दुपारी जेवायला हाक आली तेव्हा मी उठले.